मूठभर दाणे, दहा हजार वर्षं

आषाढी एकादशीची सकाळ. लोखंडी तव्यावर शेंगदाणे पडलेत, आच मंद आहे आणि उलथनं तुमच्या हातात आहे. घाई केली की दाणा वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो, हे तुम्हाला लहानपणी कुणीतरी बजावून सांगितलंय, म्हणून तुम्ही हलवत राहता. आधी नुसती खरखर. मग मधूनच एखादा दाणा तडकतो, गुलाबी सालीवर तपकिरी ठिपके उमटतात आणि तो वास घरभर होतो. बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारं माणूस उठून आत येतं आणि न बोलता मूठ पुढे करतं.

दाणे ताटात गार होतात. तुम्ही ते तळहातांत चोळता, फुंकर घालता, फोलपटं उडतात. एक दाणा बोटांत धरून दाबता तेव्हा तो सरळ दोन भागांत उघडतो आणि एका भागाच्या टोकाशी चिकटलेला बारीकसा कोंब दिसतो. तो जिभेवर ठेवा. किंचित कडवट लागेल. डोळे मिटा. तुम्हाला मागे जायचंय, आणि वाट या कोंबातूनच आहे.

पायाखाली भुसभुशीत माती लागते. साल १९८२, सप्टेंबर संपत आलाय आणि तुम्ही कराडच्या बाजूला एका शेतात उभे आहात. पाऊस उघडून चार दिवस झालेत, रानाला छान वाफसा आहे. पाच-सहा बायका ओळीनं वाकून वेल उपटताहेत. हात बुडख्याशी, एक झटका, आणि मुळ्यांबरोबर शेंगांचा घोस वर येतो. तो झाडून माती पाडायची आणि वेल उलटा करून मागं टाकायचा. बांधाच्या सावलीला दुसऱ्या बायका गोल करून शेंगा तोडताहेत. बोटं इतकी सरावलेली की गप्पा मारताना खाली बघावंही लागत नाही.

"पाव्हणं, उभं का ऱ्हायलाय? बसा की हितं." डोक्यावर पदर घट्ट खोचलेली एक म्हातारी सरकून तुम्हाला जागा करून देते आणि एक वेल तुमच्या मांडीवर टाकते. ओल्या मातीचा वास, पाल्याचा हिरवट वास, आणि त्या दोन्हीच्या मागे ओल्या शेंगेचा तो दुधाळ वास.

वेल नीट बघा. मुळ्यांवर मोहरीएवढ्या गाठी आहेत. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून भुईमूग काढलेल्या रानात पुढचं पीक जोमानं येतं. शेंगा मात्र मुळांना लागलेल्या नाहीत. त्या खोडापासून निघालेल्या दोऱ्यांना लोंबताहेत. म्हातारी त्यातली एक दोरी बोटानं वर उचलते.

"ही आरी. वर पिवळं फूल येतंय, सकाळी उमलतंय, दुपारपतूर सुकतंय. मग त्याच्या बुडातनं ही सुटती आन् खाली वळती. भुईत शिरली तरच शेंग."

आरी. चामडं टोचायच्या अणकुचीदार हत्याराचं नाव. शेताच्या भाषेत हिचं अनेकवचन आऱ्या, आणि 'आऱ्या सुटल्या' हे वाक्य भुईमूग लावणाऱ्या घरात ज्या सुरात उच्चारलं जातं, त्या सुरात घरातल्या पोरीला दिवस गेल्याची बातमी सांगतात. आरीच्या टोकात फळलेलं बीज असतं. उजेडात ते वाढत नाही, थांबून राहतं. टोक मातीत दोन बोटं खोल गेलं, अंधार मिळाला, की आरी आडवी होते आणि शेंग धरू लागते. मातीतला चुना शेंग स्वतःच्या अंगानं शोषते, मुळांवर अवलंबून राहत नाही. म्हणून आऱ्या सुटायच्या वेळी जिप्सम टाकतात. ते कमी पडलं तर टरफल भरदार दिसतं आणि फोडलं की आत पोचट. तूर, वाल, मूग आपली शेंग उजेडात वाऱ्यावर पिकवतात. त्यांचा हा भाऊबंद फूल उजेडात फुलवतो आणि लेकरू अंधारात वाढवतो. मला विचाराल तर भुईमुगाची सगळी थोरवी या एका वळणात आहे.

तुमच्या वेलावर, शेंड्याकडे, काही आऱ्या हवेतच वाळून गेलेल्या आहेत. तुम्ही त्यांना हात लावता.

"त्यास्नी भुई लांब पडली," म्हातारी म्हणते. आवाजात हळहळ असते, जशी माणसाबद्दल असावी. मग ती सांगते की फुलोऱ्यावर पीक असताना मोकळा ड्रम सगळ्या रानातनं लोळवायचा, म्हणजे वेल भुईला टेकतात आणि जास्त आऱ्या आत जातात. तरी शेंड्याच्या राहतातच.

हे वाण नवं आहे. जळगावच्या संशोधन केंद्रात निवडून काढलेलं जेएल २४, ज्याचं बारसं फुले प्रगती या नावानं झालं. उपटं वाण, नव्वद-पंच्याण्णव दिवसांत हाताशी येणारं. आधीच्या पसऱ्या जाती रानभर पसरायच्या, चार महिने आणि वर घ्यायच्या आणि कुदळीनं खणून काढाव्या लागायच्या. या शेतातल्या बायकांना ठाऊक असायचं कारण नाही, पण त्यांच्या ओच्यातलं हे वाण पुढे आफ्रिकेत जाईल आणि मलावीत 'काकोमा' या नावानं पेरलं जाईल. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात क्ष-किरणांचा मारा करून बियाण्यात बदल घडवायचं काम तर याआधीच सुरू झालंय. तिथून निघालेल्या एका वाणाच्या नावात पुढे ट्रॉम्बे आणि अकोला शेजारी-शेजारी येतील: टीएजी २४, साल १९९१.

पण इथं बांधावर मोजमाप वेगळं आहे. तोडणीची मजुरी पैशांत नाही, शेंगांत आहे. संध्याकाळी पाट्यांनी माप होईल आणि तोडणारणीचा वाटा तिच्या ओट्यात पडेल. तिनं तो जपून घरी न्यायचा, वाळवायचा, डब्यात भरायचा. वर्षाचं कालवण त्या डब्यावर असतं: वाटलेल्या दाण्यांची आमटी, भाकरीबरोबरची चटणी, वांग्यात भरायचं कूट. दाण्यात जवळपास निम्मं तेल आणि चौथा हिस्सा प्रथिनं. ज्या घरात दूध-दुभतं नाही आणि डाळ महाग, तिथं या ओट्याची किंमत काय ते शब्दांत सांगून पुरं होणार नाही. वेलाचा पाला गुरांना. दाण्याचं तेल निघालं की उरलेली पेंड बैलांना. आणि तेलाला आपण नाव काय दिलं? गोडं तेल.

पलीकडे पोरांनी वाळक्या काटक्या पेटवून त्यात मूठभर शेंगा टाकल्यात. टरफलं काळी होतात, दाणे आतल्या आत शिजतात. एक पोर राखेतली गरम शेंग या हातातून त्या हातात झेलत तुमच्याकडे आणतं. उद्या ही सगळी माणसं गेली की हीच पोरं सरवा वेचायला येतील. मातीत तुटून राहिलेल्या शेंगा उकरायच्या आणि ज्याला सापडेल त्याच्या. मालक हाकलत नाही. सरवा हा गरिबाचा हक्क, अशी गावाची समजूत आहे आणि ती मला फार शहाणपणाची वाटते.

गरम शेंग फोडा. टरफलाची आतली बाजू काळसर झालेली आहे, म्हणजे दाणा जून झालाय. तोंडात टाका.

साल १९१८, ऑगस्ट. गुजरात, खेडा जिल्हा. उन्हात तापलेल्या रस्त्यावरून एक किरकोळ बांध्याचे गृहस्थ गावोगाव पायी फिरताहेत, सोबतीच्या झोळीत थोडंसं खाणं आहे. दूध त्यांनी १९१२ साली सोडलंय. तुम्ही त्यांच्यामागून चालत जाता आणि एका झाडाखाली ती झोळी उघडते तेव्हा दिसतं: शेंगदाणे वाटून केलेला लोण्यासारखा गोळा आणि लिंबं. या दिवसांत मोहनदास गांधी मुख्यतः यावरच जगताहेत, असं पुढे ते आत्मकथेत लिहिणार आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवरही केळी, खजूर, लिंबू यांच्याबरोबर कच्चे शेंगदाणे त्यांच्या ताटात असत. आत्मकथेत त्यांनी हेही प्रामाणिकपणे नोंदवलंय की हे लोणी जास्त झालं तर बाधतं हे माहीत असूनही ते खाल्लं गेलं, आणि मग आमांशानं त्यांना मरणाच्या दारापर्यंत नेलं. तुम्हाला पुढे होऊन सांगावंसं वाटतं, बापू, आज जरा कमी. पण तुमचा आवाज त्या काळात उमटत नाही.

त्याच सुमाराला पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, अमेरिकेतल्या अलाबामात, आणखी एक माणूस शेंगा पुढ्यात घेऊन बसलाय. टस्कीगी इथल्या संस्थेतली ही प्रयोगशाळा. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामगिरीत जन्माला आले, १८६४च्या आसपास. १८९६ पासून ते इथं काळ्या शेतकऱ्यांच्या मुलांना शेती शिकवताहेत. बाहेर मैलोन्‌मैल कापसानं चोखून काढलेली जमीन आहे, आणि त्या कापसावर आता बोंडात शिरणारा सोंड्या किडा पडलाय. कार्व्हरांचं म्हणणं सरळ आहे: भुईमूग लावा, जमीन सुधारेल आणि पोरांच्या पोटात काही जाईल. लावलं तर खाणार कसं, असा प्रश्न येणार, म्हणून १९१६ साली त्यांनी एक पुस्तिका छापली. पीक कसं घ्यावं ते तीत आहेच, आणि पुढे शेंगदाणे खाण्याच्या १०५ तऱ्हा: सूप, ब्रेड, बिस्किटं, आइस्क्रीम. पीनट बटरचा शोध त्यांच्या नावावर सांगितला जातो, तो त्यांचा नाही. पण दारिद्र्यानं गांजलेल्या शेतकऱ्याच्या बायकोला उद्या चुलीवर काय ठेवायचं हे सांगणारा शास्त्रज्ञ मला शोध लावणाऱ्यापेक्षा कमी मोठा वाटत नाही. पुढे या माणसानं गांधीजींनाही आहाराविषयी पत्रं लिहिली.

टस्कीगीहून दक्षिणेला गेलात तर एंटरप्राइझ नावाचं गाव लागेल. तिथल्या शेतकऱ्यांनी कापूस सोडून शेंगा लावल्या आणि त्यांचं इतकं भलं झालं की डिसेंबर १९१९ मध्ये त्यांनी भर चौकात स्मारक उभारलं. शेंगेचं नव्हे, त्या किडीचं. तिनं कापूस खाल्ला नसता तर भुईमुगाकडे कुणी वळलं नसतं, ही त्यामागची कृतज्ञता.

आता पुण्यात या. १८६६ नंतरची काही वर्षं. नेमकं साल मी धरून बसत नाही, कारण आपण एका सांगोवांगीच्या गोष्टीत शिरतोय. तुम्ही शाळेच्या वर्गात मागच्या बाजूला बसला आहात. जमिनीवर टरफलं पसरलीत. मास्तर संतापलेत. रत्नागिरीहून आलेला एक किडकिडीत, तल्लख डोळ्यांचा मुलगा उठून उभा राहतो आणि मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही, असं सांगतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोरानं एक ऑगस्टला टोपी घालून हे भाषण केलंय किंवा ऐकलंय. सगळे त्या मुलाकडे बघतात. तुम्ही जरा टरफलांकडे बघा. बाळ गंगाधर टिळकांच्या बाणेदारपणाची गोष्ट लोकांनी सांगायला घेतली तेव्हा वर्गात चोरून खायची वस्तू म्हणून शेंगाच ऐकणाऱ्याला पटल्या. बोरं नाहीत, चिंचा नाहीत. खिशात मावणारी, फोडताना टचकन वाजणारी, मागं पुरावा ठेवणारी शेंग. परकी वस्तू अशी गोष्टीत शिरत नाही. ती घरची व्हावी लागते.

आणि घरची होऊन तिला फार काळ लोटलेला नाही. याच शतकात फ्रान्समधल्या मार्सेयच्या साबण कारखान्यांना दाण्याच्या तेलाची चटक लागली. सेनेगलमधून आणि आपल्याकडे पाँडिचेरीच्या बाजूनं जहाजं भरून शेंगा जाऊ लागल्या. पुढे रोगानं जुनी वाणं खालावली तेव्हा मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानं 'स्पॅनिश पीनट', 'स्मॉल जपान' अशा नावांची परदेशी बियाणी आणून लावली. कराडच्या म्हातारीच्या आजीला बहुधा हीच नावं कानावर आली असतील.

मास्तरांची छडी उगारली जाते. तुम्ही एक टरफल उचलून मुठीत दाबता, आणि मूठ उघडता तेव्हा अंधार आहे.

खारट, कुबट अंधार. फळ्या करकरताहेत. सोळावं शतक उतरणीला लागलंय आणि हे पोर्तुगीज जहाज आहे. आधीच्या फेरीत त्यानं ब्राझीलच्या किनाऱ्यावरून शेंगा घेतल्या होत्या आणि आफ्रिकेत उतरवल्या होत्या. आता ते उलट निघालंय, आणि पोटात माणसं आहेत. साखळदंडांचा आवाज येतो. कुणी विव्हळतं. या माणसांना जेमतेम जिवंत ठेवण्यासाठी जे स्वस्त, टिकाऊ अन्न जहाजावर भरलंय त्यात शेंगा आहेत. इथं तुम्हाला थांबवत नाही, पण थांबा. दाण्याचा गौरव करायचा तर या फळ्या ओलांडून जाता येणार नाही.

शेजारचा माणूस हातातल्या शेंगेला काय म्हणतो ते ऐका. कोंगोच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या भाषेत तो शब्द 'न्गुबा' असा काहीसा उमटतो. आफ्रिकेत शेंग जमिनीत लागणारं एक कडधान्य आधीपासून होतं, बांबारा. त्यामुळे समुद्रापारहून आलेलं हे झाड तिथल्या बायकांना परकं वाटलं नाही. फूल वर, शेंग खाली, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी ते लावलं, वाढवलं, आणि मग त्यांचीच लेकरं ते घेऊन, स्वतः विकली जाऊन, पुन्हा अमेरिकेला चालली. अमेरिकेच्या दक्षिणेत आजही शेंगेला 'गूबर' म्हणतात. साखळीतल्या माणसाची जमीन गेली, नाव गेलं, देव गेले. तोंडातला हा एक शब्द मात्र कुणाला हिसकावता आला नाही.

नावांचंच बघा. मेक्सिकोत नाहुआ लोकांनी शेंगेला 'मातीतला काकाओ' म्हटलं. काकाओ त्यांना ठाऊक होता. चिनी लोकांनी 'गळल्या फुलापासून जन्मलेली' म्हटलं. त्यांनी आरी वळताना पाहिली असणार. तमिळमध्ये तिच्या नावात मनिला आहे, कारण स्पॅनिश गलबतांनी ती मेक्सिकोहून फिलिपिन्सला नेली होती. बिहारमध्ये ती चिनिया बादाम. आणि आपण? आपण तिच्या अंगावर कुठल्याही देशाचा शिक्का ठेवला नाही. भुई आणि मूग. पायाखालची एक वस्तू, ताटातली दुसरी. पाहुणीला दारात उभं करून कुठून आलीस विचारण्याऐवजी सरळ घरातलं नाव देऊन टाकलं.

जहाजातून बाहेर पडा. आणखी तेराशे वर्षं मागे.

रात्र आहे, आणि हवा कोरडी. पेरूचा उत्तर किनारा, इसवी सनाचं तिसरं शतक. कच्च्या विटांचा एक प्रचंड चौथरा अंधारात उभा आहे आणि त्याच्या पोटात खोल खड्ड्यात मशालींचा उजेड हलतोय. मोचे लोक आपल्या राजाला पुरताहेत. त्याच्या भोवती आणखी माणसं निजवलीत, जी त्याच्याबरोबर जाणार आहेत. वरच्या अंगाला एक पहारेकरी, ज्याचे पाय तोडलेत, म्हणजे त्यानं जागा सोडू नये. एक कुत्रा आहे. लामा आहे. तुमच्या छातीत धडधडतं. पुजारी वाकतात आणि राजाच्या गळ्यात एक-एक अलंकार चढवतात.

मग तुम्हाला तो हार दिसतो. दहा शेंगा सोन्याच्या आणि दहा चांदीच्या. सोन्याच्या उजव्या बाजूला, चांदीच्या डाव्या बाजूला, एकीकडे सूर्य आणि दुसरीकडे चंद्र असावा तशा. प्रत्येक शेंग खऱ्या शेंगेपेक्षा मोठी, मधे कमरेला किंचित आवळलेली, आणि पाठीवर तीच जाळी, जी तुम्ही हजारदा अंगठ्याखाली दाबून फोडलीत. हे घडवणाऱ्या सोनारानं समोर शेंग ठेवली होती, यात मला शंका वाटत नाही. एखादी त्यानं काम करता-करता खाल्लीही असेल.

राजाच्या छातीवर शेंग का? मातीत जाऊन फळणारं दुसरं काय होतं त्यांच्याजवळ? मेलेल्या माणसाला भुईत ठेवताना त्यांनी त्याच्या अंगावर ते फळ ठेवलं, ज्याला भुईत शिरल्याशिवाय रूपच येत नाही. हा माझा अर्थ आहे. त्यांचा त्याहून खोल असू शकेल. खड्डा बुजतो, विटा चढतात. १९८७ साली वॉल्टर आल्वा आणि त्यांचे सहकारी चोरांच्या तावडीतून ही जागा वाचवून उकरतील आणि सिपानचा अधिपती जगासमोर येईल. आज तो हार लाम्बायेकेच्या संग्रहालयात आहे. मला मात्र त्या हाराकडे बघताना कराडच्या बांधावरचा ओटा आठवतो. दोन्हीकडे शेंगा छातीशी धरलेल्या.

पेरूच्या डोंगरउतारावरच्या न्यांचोक खोऱ्यातून जाताना क्षणभर खाली बघा. साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्या आहेत, आणि त्यांच्या जमिनीवर टरफलं सांडलीत. पुण्याच्या वर्गासारखीच. उत्खनन करणाऱ्यांना ती सापडणार आहेत.

आणि आता शेवटचा मुक्काम. दहा हजार वर्षांपूर्वीच्या आसपास. बोलिव्हियाचा दक्षिण भाग, अँडीज पर्वत जिथं उतरत-उतरत सपाटीला मिळतो. एका ओढ्याकाठी वाळूमिश्रित माती आहे, चार झोपड्या आहेत आणि झोपड्यांमागे जमिनीलगत पसरलेलं रानवेलीचं हिरवं. एक बाई उकिडवी बसून बोटांनी माती उकरतेय. तिच्या हाताला लागलेली शेंग तुम्ही ओळखणार नाही. दोन इवलेसे दाणे, एकमेकांपासून दूर, मधे लांब बारीक दोरा. रानातली शेंग अशीच असते.

पण तिच्या परसात दोन प्रकारच्या वेली आहेत. एक इथलीच. दुसरी लांबून आलेली, कुणीतरी झोळीत घालून आणलेली. हे महत्त्वाचं आहे, कारण जिची शेंग मातीत असते ती वनस्पती आपापली कुठं जात नाही. वाऱ्यावर तिचं बी उडत नाही, पाखरू ते नेत नाही. दोघींची गाठ पडायची तर मधे माणूस हवा.

सकाळ आहे. दोन्ही वेलींवर पिवळी फुलं उमललीत. भुईमुगाचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं, त्याला कुणाची गरज सहसा पडत नाही. तरीही एक मधमाशी येते. ती एका फुलात डोकं खुपसते, पाय पिवळे करते, उडते, आणि दुसऱ्या वेलीच्या फुलावर बसते. तुम्ही श्वास रोखून बघता. फार तर चार क्षण. या संकरातून जे बी निघेल त्यात दोन घराण्यांची गुणसूत्रं एकत्र येतील, ती दुप्पट होतील, वीस-वीस मिळून चाळीस, आणि नवं झाड दोन्ही आईबापांहून जोमदार निघेल. बाईला ते पुढच्या पावसाळ्यात दिसेल. ही शेंग जरा भरली आहे, असं तिला वाटेल. ती शेंग ती खाणार नाही, ठेवून देईल. १९७०च्या दशकात संशोधक या भागातल्या इपा गावाजवळून रानवेलीचं बी गोळा करतील, आणि २०१६ मध्ये त्याची जनुकं वाचली जातील तेव्हा ती आपल्या शेंगेच्या अर्ध्या जनुकांशी जवळपास हुबेहूब जुळतील. मोचे राजाची शेंग, कोंगोची, टस्कीगीची, कराडची, तुमच्या तव्यावरची, या सगळ्यांची पणजी त्या बाईच्या हातात आहे.

ती मान वर करते. तुम्ही हात पुढे करता. ती त्यावर दोन दाणे ठेवते.

परतीचा प्रवास झरझर होतो. एकदाच वेग मंदावतो: २००५, नायजर, दुष्काळ. तंबूत एक आई मांडीवरच्या बाळाच्या तोंडाशी छोटं पाकीट धरून हलकेच दाबतेय. आत शेंगदाण्याचा लगदा, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. ब्याण्णव ग्रॅम, पाचशे कॅलरी, पाणी लागत नाही, शिजवावं लागत नाही. बाळ आधी जीभ लावतं, मग पाकीट दोन्ही हातांनी ओढून घेतं.

आणि तवा. आच मंदच आहे, दाणे गार झालेत, चहाला आधण आलंय.

तुम्ही कूट करायला घेता. घरातला मिक्सर एका दमात ते करतो. सोलापूरकडं चटणीसाठी अजून उखळात कांडतात, तेल सुटेपर्यंत, आणि त्या चवीला मिक्सर पोचत नाही. भिजलेला साबुदाणा मोकळा करता. सेलमकडून आलेला, टॅपिओकाच्या कंदाचा. तो कंद ब्राझीलचा. हिरवी मिरची चिरता, तीही तिकडची. बटाटा अँडीजचा. उकडायला लावलेलं रताळं त्याच खंडांतलं. विठ्ठलाच्या नावानं धरलेल्या उपासाचं ताट तुमच्यासमोर आहे आणि त्यातलं तूप, जिरं आणि सैंधव सोडलं तर जवळपास सगळं त्या ओढ्याकाठच्या बाईच्या मुलुखातून आलंय. पंढरीच्या वाटेवर कुठल्याशा पालात या क्षणी हीच खिचडी पातेल्यात परतली जातेय. तूप तापतं, जिरं तडतडतं, साबुदाणा पडतो आणि त्यावर मुठीनं कूट.

पुडक्यात तळाशी दोन कच्चे दाणे राहिलेत. गुलाबी साल अखंड आहे, टोकाचा कोंब शाबूत आहे. आषाढ आहे, पेरणीचेच दिवस. तुम्ही गॅलरीतल्या कुंडीत बोटानं खळगा करता आणि ते पुरता.

महिनाभरानं, श्रावणातल्या एका सकाळी, कुंडीत पिवळं फूल दिसतं. दुपारी ते मिटतं. आठवडाभरानं त्याच्या बुडातून एक बारीक आरी सुटते आणि खाली वळते. पण ती शेंड्याकडची आहे. वितभर उंचावर. टोक हवेत तसंच थबकलंय.

तुम्ही शेजारच्या कुंडीतली मूठभर माती उचलता आणि तिच्या टोकाशी नेऊन ढीग करता.